हिवाळी पक्षी-शर्यत : एका संघाचा दिवस आणि ‘आता निघावे का’ हा प्रश्न

माळटिटवी

हिवाळी पक्षी-शर्यतीत, म्हणजे आपण सगळे जिला बर्ड रेस म्हणतो तीत, आमचा चौघांचा संघ यंदा उतरला होता. जातींची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलेली आहे, त्यामुळे ती येथे पुन्हा देत नाही. दिवसभर एकाच प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला आणि त्यावर इतर संघांचे काय म्हणणे आहे हे जाणून घ्यायचे आहे, म्हणून हा धागा काढते आहे. प्रश्न असा, की एखाद्या जागेवरून निघायचे केव्हा?

ज्यांनी शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, आखून दिलेल्या हद्दीत, संघाने एकत्र राहून जास्तीत जास्त जातींची नोंद करायची असते. मोजायच्या त्या जाती, पक्षी नव्हेत. हजार भोरड्यांचा थवा डोक्यावरून गेला काय आणि कुंपणावर एकटी भोरडी बसलेली दिसली काय, यादीत भर पडते ती एकाचीच. या एका नियमामुळे पक्षी पाहण्याची सगळी सवय उलटी करावी लागते. एरवी एखादा पक्षी छान दिसू लागला की आपण थांबतो; शर्यतीत तो ओळखला गेला की निघायचे असते.

हिवाळा निवडण्याचे कारण उघड आहे. उत्तरेकडून आलेली बदके, किनारपक्षी, वटवटे, धोबी आणि भोवते (हॅरियर हे शिकारी पक्षी) या काळात मुक्कामाला असतात आणि त्यांच्या जोडीला स्थानिक पक्षी असतातच. जानेवारीपर्यंत नर बदकांचा रंगीत पिसारा पूर्ण आलेला असतो, त्यामुळे तलवार बदक कोणते आणि थापट्या कोणता हे लांबूनही कळते. पण हा ऋतू जेवढे देतो तेवढेच काढूनही घेतो. विणीचा हंगाम नसल्याने बरेच स्थानिक पक्षी गप्प असतात. पावशा उन्हाळ्यात ज्या झाडीत घसा फोडून ओरडतो, त्याच झाडीत जानेवारीत तो चार हातांवर बसलेला असला तरी पत्ता लागत नाही. किनारपक्षी करड्या-तपकिरी हिवाळी पिसाऱ्यात असल्यामुळे एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे असे दिसतात. शिवाय दिवस आखूड.

शर्यतीआधी आम्ही अपेक्षित जातींची यादी केली आणि प्रत्येक नावासमोर ती जात आमच्या मार्गावर कोणकोणत्या ठिकाणी मिळू शकेल हे लिहिले. कोतवाल, दयाळ, बुलबुल, वेडा राघू, खंड्या यांच्यासमोर जवळजवळ सगळीच ठिकाणे आली. काही नावांसमोर मात्र एकच ठिकाण आले. थांबायचे ते फक्त या दुसऱ्या गटासाठी, पहिल्या गटातला पक्षी कितीही जवळ ओरडत असला तरी त्याच्यामागे झाडीत शिरायचे नाही, असे आम्ही ठरवले. आणि निघण्याचा शब्द आमच्यातील ज्या सदस्याला पक्ष्यांची ओळख सर्वांत कमी आहे त्याच्याकडे दिला, कारण मोह त्यालाच सर्वांत कमी होणार होता. त्याने हे काम इतक्या निष्ठुरपणे केले की दुपारपर्यंत त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हते.

तांबडे फुटले तेव्हा आम्ही पाणकणसाच्या पट्ट्यापाशी होतो. आम्हाला तेथे हवा होता तो शंकर नावाचा पक्षी, कारण पाणकणीस आणि ओला चिखल एकत्र असलेली दुसरी जागा आमच्या मार्गावर नव्हती. पट्ट्याच्या बुडाशी, गवत आणि पाणी यांच्या मध्ये, वीतभर रुंदीची चिखलाची कड उघडी पडलेली होती. शंकर तेथेच येणार हे माहीत असले तरी तो येतो तो आपल्या सवडीने. आधी शेपटी उंच धरलेली एक तपकिरी आकृती दोन पावले धावून बाहेर आली, थबकली, आणि मागे पळाली. पळताना शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग चमकला. ओळखीला तेवढे पुरेसे होते. काही क्षणांनी तोच पक्षी पुन्हा उघड्यावर आला, छाती आमच्याकडे करून उभा राहिला आणि कोवळ्या उन्हात त्याच्या गळ्यावरचा निळा पट्टा व त्याखालची तांबूस कड स्पष्ट दिसली. आमच्यातील दोघांनी कॅमेरे उचलले होते. घड्याळ सांभाळणारा म्हणाला, “चला.” आम्ही निघालो.

झाडीत आम्ही एकेक पक्षी शोधत बसलो नाही. मिश्र थवा शोधला. हिवाळ्यात कीटक खाणारे लहान पक्षी निरनिराळ्या जातींचे असूनही एकत्र फिरतात, आणि असा थवा सापडला की निखार, वल्गुली, नीलांग, पर्णवटवटे आणि त्यांच्या मागे लागलेला कोतवाल हे सारे एकाच झाडावर मिळून जातात. थवा नसेल तर पाऊण तास चालूनही पानांखेरीज काही दिसत नाही. शिकारी पक्ष्यांसाठी वेगळी जागा आम्ही ठेवलीच नव्हती. जमीन तापून हवेचे उष्ण प्रवाह वर चढू लागले, म्हणजे साधारण नऊ-साडेनऊनंतर, ते आपोआप आकाशात दिसू लागतात आणि वाटेतच त्यांची नोंद होते.

आता मुख्य प्रसंग. तलावावर आम्ही पूर्वेच्या काठाला उभे होतो, म्हणजे ऊन पाठीशी होते आणि बदकांवर थेट पडत होते. स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून, थवे चाळताना आमच्यातील सर्वांत अनुभवी सदस्याला भुवई बदकांच्या मध्ये झोपलेले एक बदक वेगळे वाटले. चोच पंखात खुपसलेली, पाठ आमच्याकडे, अंगाचा रंग बाकीच्यांहून फिकट. मान वर केली असती तर एका क्षणात निकाल लागला असता. बदकाने मान वर केली नाही. दुसरीकडे खाडीवर भरतीची वेळ जवळ येत होती आणि तेथे डझनभर तरी किनारपक्षी आमच्या यादीत यायचे होते. घड्याळवाल्याने दहा मिनिटे दिली, ती संपल्यावर आम्ही स्कोप मिटवला. ते बदक कोणते होते हे आम्हाला आजही माहीत नाही. खाडीवर पोहोचलो तेव्हा पाणी चढत होते, पक्षी उरलेल्या चिखलावर दाटले होते, आणि यादीत अपेक्षेपेक्षा अधिक भर पडली.

शेवटचा तास आम्ही माळरानासाठी राखून ठेवला होता. हिवाळ्यात भोवते रात्री माळावरच्या उंच गवतात जमिनीवर एकत्र उतरतात आणि सूर्य कलल्यावर चारी दिशांनी येऊ लागतात. दलदली भोवत्या सहज ओळखला गेला. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर, करडा, पंखावर काळी पट्टी असलेला, सर्वांनी पाहिला. त्यानंतर एक तपकिरी पक्षी आला, कमरेवर पांढरा डाग, शेपटीवर पट्टे. माँटेग्यूचा आणि पांढुरका या दोन्ही भोवत्यांच्या माद्या व पिल्ले अशीच दिसतात. आमच्यातील एकीचे म्हणणे होते की मानेभोवतीची फिकट गळपट्टी तिला स्पष्ट दिसली, म्हणजे तो पांढुरका भोवत्याच. बाकी तिघांना उजेड पुरला नाही. आम्ही नाव लिहिले, थोडा वाद घातला आणि खोडले. तिने ते मान्य केले, पण पटले म्हणून नव्हे.

दिवसाची बेरीज दीडशेच्या थोडी अलीकडे थांबली आणि आमच्या पुढे काही संघ होते. माझे मत असे, की आमच्या यादीतले बहुतेक यश डोळ्यांचे नसून निघण्याचे आहे. बदकाच्या बाबतीत मात्र संघात अजून एकमत नाही. आपण काय केले असते?


रातवा

लेख आवडला, आणि त्यामुळेच विरोध नोंदवतो. आपण ज्याला यश म्हणता ते मला पक्षीनिरीक्षणाचे नुकसान वाटते. शंकर उन्हात छाती दाखवून उभा आहे आणि चार माणसे ‘झाला’ म्हणून पाठ फिरवतात, हे वर्णन आपणच केले आहे. तो चिखलातून काय वेचत होता, दुसरा शंकर जवळ आला असता तर त्याने काय केले असते, यांतले काहीही पाहण्यासाठी आणखी अर्धा तास लागला असता आणि तो अर्धा तास हेच तर निरीक्षण. झोपलेल्या बदकापाशी मी संध्याकाळपर्यंत बसलो असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घाईत असलेला संघ पाणथळीच्या काठावर नीट वागत नाही. आखूड दिवसात पोट भरायचे आणि मार्च-एप्रिलच्या परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची हे या पाहुण्यांपुढचे काम असते. एकामागून एक येणाऱ्या संघांनी तोच थवा चार वेळा उठवला तर प्रत्येक उड्डाणाची किंमत तो मोजतो. शर्यतीच्या दिवशी नेमके हेच होते, कारण सगळ्यांचे आराखडे त्याच त्या तीन-चार जागांभोवती फिरतात.


माळटिटवी

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. आम्ही स्कोप वापरून लांबूनच पाहिले आणि थवा मान वर करून सावध झाला की पुढे सरकायचे नाही असा नियम पाळला. पण सर्व संघ तसे करत नाहीत, हे मीही पाहिले.

पहिल्या आक्षेपाशी सहमत नाही. वर्षभर आपण सगळे आपापल्या आवडत्या जागी, आवडत्या वेळी जातो. मी एरवी भर दुपारी काटेरी झुडपांच्या ओसाड पट्ट्यात कधीच गेले नसते. शर्यतीत गेले, कारण धाविक आणि पखुर्डी यांच्यासमोर तेवढी एकच जागा लिहिलेली होती. धाविक मिळाला, पखुर्डी नाही. आवडीने फिरणाऱ्या माणसाच्या नोंदींत अशा जागा वर्षानुवर्षे कोऱ्या राहतात.


जुनी दुर्बीण

रातवा यांच्या आक्षेपाला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन दोन गट बाहेर पडत आणि ज्यांच्या शिकारीचा ढीग मोठा ते जिंकत. फ्रँक चॅपमन या पक्षीशास्त्रज्ञाने १९०० साली त्याऐवजी पक्षी मोजण्याची कल्पना मांडली. त्या पहिल्या नाताळात २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली आणि ती गणना आजतागायत दर हिवाळ्यात चालू आहे. म्हणजे चढाओढ आधीपासूनच होती. चॅपमन यांनी तिच्या हातातली बंदूक काढून घेतली एवढेच.

पुढे मोजणी आणि शर्यत यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. न्यू जर्सीत १९८४ पासून मे महिन्यात मध्यरात्र ते मध्यरात्र अशी चोवीस तासांची शर्यत होते आणि प्रत्येक जातीमागे देणगी जमवून संवर्धनाला पैसा उभा केला जातो. भारतात या पद्धतीच्या शर्यतीची सुरुवात मुंबईत २००५ साली झाली. एका दिवसातल्या जातींचा आकडा कुठवर जाऊ शकतो हे पाहायचे तर ऑक्टोबर २०१५ मध्ये इक्वेडोरमध्ये चौघांच्या एका संघाने ४३१ जाती नोंदवल्या होत्या. एवढ्या जाती पाहायला बहुतेकांना कित्येक वर्षे जातात.

आता आपल्या भोवत्याविषयी. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या एकदिवसीय मोजणीच्या नियमांनुसार एकूण जातींपैकी किमान ९५ टक्के जाती संघातील प्रत्येक सदस्याने ओळखलेल्या असाव्या लागतात. म्हणजे शंभर जातींत पाचांपर्यंत सूट आहे. हा नियम आपल्या शर्यतीला लागू असता तर आपल्या सहकारी तो भोवत्या यादीत ठेवू शकल्या असत्या. मला ही सूट योग्य वाटते. चार माणसे एकाच क्षणी एकाच दिशेला पाहत नसतात, आणि शेवटच्या उजेडात तर नाहीच. पण सूट आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. नाव खोडण्याचा आपला निर्णय मला अधिक आवडला. ज्या यादीत एकही नाव खोडलेले नाही त्या यादीकडे मी जरा संशयानेच पाहतो.

बदकाबाबत आपण निघालात हेच बरोबर.


खाडीकाठ

मार्गाच्या आखणीबद्दल थोडे लिहितो. माळटिटवी यांनी पहाटेपासून सुरुवात करून आराखडा पुढे नेला आणि भरतीची वेळ मधे आली म्हणून त्यांना तलावावरून उठावे लागले. मी आराखडा भरतीपासून उलटा मांडतो. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शर्यतीची तारीख कळली की भरतीची वेळ कळते. ती वेळ हा दिवसाचा खुंटा. बाकी सगळे त्याभोवती हलवता येते. समुद्राला हलवता येत नाही.

ओहोटीला किनारपक्षी मैलभर चिखलावर विखुरलेले असतात, इतके दूर की स्कोपमध्येही उन्हाच्या झळांत त्यांचे ठिपके थरथरतात. ऐन भरतीला चिखल पाण्याखाली गेलेला असतो आणि ते कुठल्या तरी बांधावर किंवा मिठागरात दाटीवाटीने झोपलेले असतात. ती जागा ठाऊक नसेल तर हाती काही लागत नाही. म्हणून पाणी चढू लागल्यापासून भरतीच्या आधीच्या दीड-दोन तासांतच तेथे उभे राहावे. चिखल आक्रसत जातो आणि पाणी पक्ष्यांना आपल्याकडे आणते. आपल्याला पुढे जावे लागत नाही, त्यामुळे रातवा म्हणतात तसा थवाही उठत नाही.

अशा वेळी मी आधी आकार पाहतो, मग चालण्याची पद्धत, आणि रंग सर्वांत शेवटी. चिखल्या दोन पावले धावतो, थांबतो, टिपतो. मलगुजा थांबत नाही. लांब सरळ चोच शिवणयंत्रासारखी चिखलात वरखाली करत राहतो. कुरलची चोच खाली वाकलेली. उचाट्याची वर वळलेली, आणि तो ती पाण्यात डावी-उजवीकडे झाडतो. हिवाळी पिसाऱ्यातल्या करड्या गर्दीत हालचालीवरून निम्मी यादी पूर्ण होते.

बदकापाशी मी थांबलो असतो, कारण माझा आराखडा तलाव भरतीनंतर ठेवतो. दुपारी मी पश्चिमेच्या काठावर गेलो असतो, ऊन पुन्हा पाठीशी असते. बदके दिवसा झोपा काढतात आणि सायंकाळी जागी होतात.


बोरूतला वटवट्या

बदकांवर आणि भोवत्यांवर एवढी चर्चा झाली, पण हिवाळी यादीतल्या ज्या जातींवरून संघ पुढे-मागे होतात त्या बहुतेक वेळा दिसतच नाहीत, ऐकू येतात. हिरवट पर्णवटवट्या दाट पानांत सतत हलत असतो. त्याला दुर्बिणीत पकडायचे म्हटले तर मान मोडते. त्याची दोन तुकड्यांची किणकिणती साद एकदा कानात बसली की तो प्रत्येक झाडावर आहे हे लक्षात येते. ब्लाइथचा बोरू वटवट्या झुडपाच्या पोटातून ‘चक्, चक्’ असा खडा वाजवल्यासारखा आवाज करतो आणि बाहेर येण्याची तसदी घेत नाही. लाल कंठाचा माशीमार आधी त्याच्या कोरड्या खडखडाटाने कळतो. त्याचे दोन जवळचे प्रकार आहेत आणि तैगा माशीमाराचा खडखडाट अधिक जलद असतो, त्यामुळे येथे कान तयार असणे हेच ओळखीचे साधन ठरते.

आवाजावरून झालेली नोंद बहुतेक शर्यतींत ग्राह्य धरतात आणि ती धरलीच पाहिजे. पण मग त्याच आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला बाहेर काढण्याचा मोह होतो. आमच्या शर्यतीत एका संघाने घुबडाच्या ढोलीपाशी असा प्रकार केला आणि त्यावर फारसे कोणी बोलले नाही, याचा मला आजही राग आहे. हिवाळ्यात पक्षी वीण करत नाहीत हा समज सरसकट खरा नाही. शृंगी घुबडासारखे पक्षी याच महिन्यांत अंडी उबवत असतात. मोबाइलमधून आलेला आवाज त्यांच्या लेखी हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी असतो. प्लेबॅक वापरणाऱ्या संघाची सगळी यादी बाद करावी, केवळ ती एक नोंद नव्हे, असे माझे मत आहे.


चंडोल

मी या छंदात नवीन आहे. चाळीस-पन्नास पक्षी खात्रीने ओळखू शकेन. अशा माणसाने संघात जावे की आधी तयारी करावी? संघाला ओझे तर होणार नाही ना?


माळटिटवी

चंडोल, आमचे घड्याळ सांभाळणारे सदस्य आपल्याहून कमी पक्षी ओळखतात आणि पुढच्या शर्यतीतही ते आम्हाला हवेच आहेत. चार तज्ज्ञांचा संघ सर्वांत वाईट चालतो, कारण चौघेही एकाच वटवट्याकडे पाहत वाद घालतात. अनुभवी माणसे दुर्मीळ पक्षी शोधण्यात गुंतली की साधे पक्षी कोणीतरी पाहावे लागतात. तिसऱ्या प्रहरी वही चाळताना आमच्या लक्षात आले की यादीत चार प्रकारचे भोवते-घारी आहेत, पण चिमणी नाही. माळ, खाडी, झाडी आणि तलाव या सगळ्या जागा माणसांच्या वस्तीपासून दूर निवडलेल्या होत्या आणि चिमणी राहते वस्तीत. ही गोष्ट घड्याळवाल्याने दाखवून दिली. वाटेत एका वस्तीपाशी गाडी थांबवून आम्ही ती नोंदवली, आणि तेथेच होला व साळुंकीही मिळाली, ज्यांच्याकडे तोपर्यंत कोणी लक्षच दिले नव्हते.

खाडीकाठ, आराखडा उलटा मांडण्याची कल्पना आम्ही उचलणार आहोत. एक शंका मात्र आहे. तलाव दुपारी ठेवला तर शेवटच्या उजेडात माळ गाठता येत नाही. भोवते सोडायचे का?


खाडीकाठ

होय, मी भोवते सोडतो. दलदली भोवत्या दिवसा पाणथळीवर मिळतोच. उरतात दोन किंवा तीन जाती. त्यांच्यासाठी शेवटचा दीड तास आणि तेवढा प्रवास खर्ची घालणे मला परवडत नाही. शिवाय त्यांच्या रातथाऱ्याजवळ शर्यतीच्या सर्व संघांनी एकाच संध्याकाळी जमणे मला पटत नाही. ते जमिनीवर उतरतात, एकदा बिचकून उठले की अंधारात दुसरी जागा शोधतात.


रातवा

चर्चा वाचून थोडा मवाळ झालो आहे, पूर्ण नाही. माळटिटवी यांचा ओसाड पट्ट्याचा मुद्दा खरा आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२० साली प्रथम निघाला आणि २०२३ च्या आवृत्तीत सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. या नोंदी आपल्यासारख्यांनीच ई-बर्डवर केलेल्या आहेत. त्यात एखादी जात वाढते की घटते हे ठरवायला ती कुठे दिसली एवढे पुरत नाही. लोक गेले, त्यांनी पाहिले आणि ती दिसली नाही, हेही लागते.

येथेच माझी अडचण आहे. शर्यतीतला संघ दिवसभराची एकच यादी करतो, पन्नास मैलांची. ती कोणत्या अधिवासाबद्दल काय सांगणार? आणि ज्या कोतवालाची नोंद सकाळी झाली तो पुढच्या पाच ठिकाणी कोणी लिहीतच नाही, कारण त्याचा गुण मिळून गेलेला असतो. वर आपणच सांगितले की होला आणि साळुंकी यांच्याकडे तिसऱ्या प्रहरापर्यंत कोणी पाहिले नव्हते. ते सकाळपासून आसपास असणारच. म्हणजे अशा यादीवरून त्या भागात होले नाहीत असा निष्कर्ष कोणी काढला तर दोष कोणाचा?


माळटिटवी

आक्षेप नेमका आहे. आम्ही प्रत्येक ठिकाणाची वेगळी यादी केली होती, वेळ आणि चाललेले अंतर यांसह, पण घाईत असताना ती पूर्ण यादी होती असे म्हणण्याचे धाडस मी सगळ्या ठिकाणी करणार नाही. पाणकणसाच्या पट्ट्यावर आणि तलावावर आम्ही दिसलेली प्रत्येक जात लिहिली. झाडीत लिहिली नाही, त्यामुळे ती यादी ई-बर्डवर चढवताना ‘दिसलेल्या सर्व जातींची नोंद केली आहे का’ या प्रश्नाला मी ‘नाही’ असे उत्तर दिले. तो पर्याय त्यासाठीच असतो आणि शर्यतीच्या दिवशी तो प्रामाणिकपणे वापरणाऱ्या संघांच्या यादीचा उपयोग होतोच.


जुनी दुर्बीण

आयोजकांना हे नियमानेच साधता येईल. एकूण जातींच्या आकड्याबरोबर ठिकाणवार पूर्ण याद्यांनाही गुण द्यावेत, म्हणजे कोतवाल सहाव्यांदा लिहिणाऱ्या संघाचा वेळ वाया जाणार नाही. आकडा थोडा खाली येईल. येऊ द्यावा.


चंडोल

शेवटची एक शंका. वही कोणी लिहायची? गाडी चालवणाऱ्याने नाही, एवढे कळले.


माळटिटवी

जो सर्वांत कमी बोलतो त्याने. नाव पुकारले गेले की लगेच लिहायचे, समोर वेळ, आणि ज्यांनी पक्षी पाहिला त्यांची आद्याक्षरे; पाहिला की ऐकला हेही तेथेच. चौघांची आद्याक्षरे नसलेल्या नोंदींखाली रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुढच्या ठिकाणी ती जात पुन्हा दिसली तर राहिलेल्यांना दाखवायचे लक्षात राहते. पेन नको, पेन्सिल घ्या. पहाटेच्या दवाने कागद ओला होतो आणि शाई पसरते.